रजेचा अर्ज आधी घरात

पंढरीची वारी एकदा तरी पायी करावी, ही इच्छा कित्येक मराठी घरांत असते. ती घरे महाराष्ट्रातच असतात असे नाही. छत्तीसगडात भोसल्यांच्या काळापासून मराठी कुटुंबे आहेत, नोकरीसाठी नंतर आलेलीही आहेत. रायपूरजवळच्या उरला औद्योगिक वसाहतीत पोलादाच्या कारखान्यात पाळी करणाऱ्यालाही आषाढ जवळ आला की पंढरपूर आठवते. पण आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे 250 किलोमीटर. पालखीबरोबर चालायचे तर जवळजवळ तीन आठवडे हवेत, शिवाय रायपूर ते पुणे जाण्यायेण्याचा रेल्वेप्रवास. सरावाने पाय तयार होतात. दिवस कुठून आणायचे?

कायद्याने कारखान्यातील कामगाराला वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा मिळते. वर्षात 280 दिवस काम झाले, तर 14 दिवस. न घेतलेली रजा 30 दिवसांपर्यंत पुढे नेता येते. म्हणजे दोन वर्षांची रजा साठवली की वारी साधते.

हिशेब जुळला खरा, पण ही रजा एकट्याची असते का? त्याच रजेत मुलांना आजोळी न्यायचे असते, वडिलांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन करायचे असते, नात्यातली लग्ने असतात. वारीच्या सुमारास शाळाही उघडतात. गणवेश, वह्यापुस्तके, फी, आजारपण सारे पत्नीने एकटीने निभवायचे. ती स्वतः नोकरी करत असेल तर ओझे दुप्पट. वारीहून परतणाऱ्याच्या लोक पाया पडतात. तीन आठवडे घर सांभाळणारीची साधी चौकशीही होत नाही. मनातला दुरावा इथूनच सुरू होतो.

यावर एक चांगला मार्ग जबलपूरच्या अमृतलाल वेगड यांनी दाखवला. ते चित्रकलेचे अध्यापक होते. 1977 मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, ते नर्मदेच्या काठाने चालू लागले. नर्मदेची लांबी 1312 किलोमीटर. दोन्ही काठ धरले तर अंतर 2600 किलोमीटरच्या वर जाते. त्यांनी नोकरी सोडली नाही, घरही सोडले नाही. सवडीने एकेक टप्पा चालायचा, घरी परतायचे आणि पुढच्या खेपेस जिथे थांबलो तिथून निघायचे. अशी बरीच वर्षे गेली. पुढे पत्नी कांताबेनही त्यांच्याबरोबर चालल्या.

वारीतही हे जमते. पुण्यातले अनेक नोकरदार आळंदी ते पुणे किंवा दिवे घाटातून सासवड, एवढाच टप्पा चालतात. रायपूरकरांनी आधी राजीमपर्यंत चालून पाहावे. हे अंतर सुमारे 45 किलोमीटर आहे. रात्री मुक्काम करून दोन दिवसांत होते. पायांची परीक्षा होते आणि घर दोन दिवस कसे चालते तेही कळते. नवे बूट घालून लांब निघू नये. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर डॉक्टरांना विचारूनच निघावे.

निघण्यापूर्वी घरातल्या सर्वांनी एकत्र बसावे. फी कोण भरणार, रात्री-अपरात्री शेजारचे कोण धावून येईल, पैसे कुठे ठेवले आहेत, हे ठरवून लिहून ठेवावे. कारखान्यात पाळी कोणाशी बदलायची हेही महिनाभर आधी बोलून घ्यावे.

आणि पत्नीला विचारावे, तुला कुठे जायचे आहे? वारीत बायका डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन मैलोन् मैल चालतात. एखादीला माहेरी नुसते आठ दिवस राहायचे असेल. तिचेही दिवस त्याच वेळी कॅलेंडरवर लिहावेत. ते दिवस आले की स्वयंपाक, डबे आणि मुलांचा अभ्यास नवऱ्याने सांभाळावा. मग पुढच्या वर्षी त्याची पिशवी तीच आनंदाने भरून देईल.