रंग फळात, आकडा डब्यावर

एप्रिल-मे महिन्यांत घाटरस्त्यांच्या कडेला पानांच्या द्रोणांतून करवंदे विकायला येतात. पावसाचे दिवस जवळ आले की टोपल्यांत जांभळे दिसू लागतात. शहरातल्या मॉलमध्ये मात्र परदेशी ब्लूबेरीच्या इवल्याशा डबीला मोठा मान असतो, आणि तिच्या शेजारच्या फळीवर ‘अँटिऑक्सिडंटने समृद्ध’ असे छापलेल्या पावडरी आणि कॅप्सूल मांडलेल्या असतात. कोणी कोणते फळ खावे हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे. पण त्या छापील शब्दासाठी जादा पैसे मोजू नयेत, हे या स्तंभातून आज ठामपणे सांगायचे आहे.

आधी रंगाकडे पाहू. जांभूळ, कोकम, स्ट्रॉबेरी, ब्लूबेरी या सगळ्यांना रंग देणारी द्रव्ये एकाच कुळातली आहेत. त्या कुळाचे नाव अँथोसायनिन. स्ट्रॉबेरीचा लाल रंग मुख्यतः पेलार्गोनिडिनचा, कोकमाचा सायनिडिनचा. जांभळात डेल्फिनिडिन, पेट्युनिडिन आणि माल्विडिन यांची संयुगे सापडतात, आणि ही तिन्ही ब्लूबेरीतही असतात. म्हणजे ज्या रंगासाठी ब्लूबेरीचे कौतुक होते, त्याची सख्खी भावंडे आपल्या जांभळात आहेत. ही द्रव्ये आंबट रसात लाल दिसतात आणि अल्कली मिळताच निळसर होतात. जांभळाच्या डागाला साबण लागला की त्याचा रंग पालटतो तो यामुळेच.

झाड हा रंग आपल्या औषधासाठी बनवत नाही. बी तयार होईपर्यंत फळ हिरवे, तुरट, चिकाळ राहते. बी तयार झाले की ते गोड होते, रंगते आणि पक्ष्यांना बोलावते. प्रखर उन्हापासून पेशींचे रक्षण करणे हेही या रंगाचे एक काम आहे. आपल्याला त्याचा लाभ झालाच, तर तो वरकड.

तो किती होतो, इथे खरी गफलत आहे. परीक्षानळीत ही द्रव्ये फ्री रॅडिकल नावाच्या उपद्रवी कणांना सहज निकामी करतात, म्हणून त्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. ही क्षमता मोजणारी ‘ओरॅक’ नावाची चाचणी आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याने तिच्या आकड्यांची मोठी यादी प्रसिद्ध केली होती आणि कंपन्यांनी ते आकडे जाहिरातींत मिरवले. २०१२ मध्ये त्याच खात्याने ती यादी मागे घेतली. या आकड्यांवरून माणसाच्या आरोग्याविषयी काही ठरवता येत नाही आणि विक्रीसाठी त्यांचा गैरवापर होतो, असे कारण खात्याने दिले. ते योग्यच होते. खाल्लेल्या अँथोसायनिनचा फार थोडा अंश मूळ रूपात रक्तात पोहोचतो. बराचसा भाग मोठ्या आतड्यातले जिवाणू फोडतात आणि त्यातून वेगळीच लहान संयुगे तयार होतात. नळीत जे घडले तेच शरीरात घडेल, असे मानायला आधार नाही.

रंगद्रव्य फळातून वेगळे काढून गोळीत भरले तर काय होते, याचा एक धडा फिनलंडने दिला आहे. तिथे धूम्रपान करणाऱ्या २९ हजारांहून अधिक पुरुषांवर चाचणी झाली. बीटा-कॅरोटीन, म्हणजे गाजराला केशरी रंग देणारे द्रव्य, गोळीतून घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल अशी आशा होती. १९९४ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा तो सुमारे १८ टक्क्यांनी वाढलेला दिसला. अमेरिकेतली अशीच एक चाचणी १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली.

याचा अर्थ फळे निरुपयोगी आहेत असा मुळीच नाही. अमेरिकेत ९३ हजारांहून अधिक परिचारिकांच्या आहाराची १८ वर्षे नोंद ठेवली गेली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, आठवड्यातून तीनहून अधिक वेळा ब्लूबेरी किंवा स्ट्रॉबेरी खाणाऱ्या स्त्रियांत हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळले. असा अभ्यास कार्यकारण सिद्ध करत नाही, पण त्या स्त्रिया फळे खात होत्या, पावडर नव्हे. फळात चोथा असतो, पाणी असते, जीवनसत्त्वे असतात आणि शेकडो संयुगे एकत्र असतात. श्रेय त्यांतल्या एकट्या रंगाला देता येत नाही.

म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे. माणसांवरच्या चाचण्यांचा आधार नसेल, तर डब्यावर अँटिऑक्सिडंटचा आकडा छापायला परवानगी असू नये. जांभूळबीच्या पावडरीच्या भरवशावर कोणी मधुमेहाची गोळी बंद करू नये. आणि आपल्या विद्यापीठांनी करवंद, जांभूळ, कोकम यांवरचे काम प्रयोगशाळेतल्या अर्कापाशी न थांबवता, माणसांनी ही फळे खाल्ल्यावर काय होते इथपर्यंत न्यावे.

तोवर ग्राहकाला करण्यासारखे एक सोपे काम आहे. हंगामात जे पिकते ते ताजे विकत घ्यावे, आणि रानातून ते वेचून आणणाऱ्या बाईशी घासाघीस करू नये. दावा छापलेल्या डब्याला आपण एका शब्दाची किंमत देतो. तिच्या द्रोणातल्या फळाची आणि त्यामागच्या कष्टाची किंमत तरी पुरती द्यावी.