सावडीचा हिशेब

मृगाचा पाऊस पडून जातो, उघडीप मिळते आणि जमिनीला वाफसा येतो, तेव्हा शेतकऱ्याच्या हाती मोजकेच दिवस असतात. तेवढ्यात पेरणी साधली तर साधली. एरवी साऱ्या वर्षाचे गणित चुकते. नेमका त्याच वेळी पैसे मोजूनही मजूर मिळत नाही, कारण प्रत्येकाच्या रानात एकदमच काम निघालेले असते. या अडचणीतून महाराष्ट्रातील खेड्यांनी फार पूर्वीच वाट काढली होती. तिचे नाव सावड. एकेक बैल बाळगून असलेले दोन शेतकरी मिळून जोडी जुंपत आणि आज याचे, उद्या त्याचे शेत करून घेत. कोकणात भाताच्या लावणीला शेजारची घरे पाळीपाळीने एकमेकांच्या खाचरांत उतरत. एखादा फारच अडला तर गावकरी आपापली औते घेऊन जात, एका दिवसात त्याचे रान नांगरून देत आणि मोबदला म्हणून त्याच्या घरी जेवून येत. ही इर्जिक.

या प्रथांचे कौतुक करताना जुन्या माणसांच्या उदारपणाचे गोडवे गाण्याची आपल्याकडे रीत आहे. इर्जिकेत औदार्य होते, हे खरे; परंतु सावडीचा पाया औदार्य हा नव्हता, चोख हिशेब हा होता. दिवसाला दिवस आणि बैलाला बैल. पाळी आली असता जो घरी बसेल, त्याला पुढच्या हंगामात कोणी सावडीला घेत नसे. शिवाय या देवघेवीत दोघांचाही खराखुरा लाभ होता. हलक्या रानाला वाफसा लवकर येतो, काळ्या भारी जमिनीला उशिरा. म्हणजे एकाचे काम चालू असताना दुसऱ्याचा खोळंबा होतोच असे नाही. आणि परतफेड ठरलेली असल्यामुळे घेणाऱ्याची मान खाली जात नसे.

मात्र हे चित्र रंगवताना त्याची काळी बाजू झाकून चालणार नाही. सावड होती ती ज्यांच्यापाशी देण्याजोगे काही होते, अशांच्यात. गावकुसाबाहेरच्या माणसाच्या वाट्याला सावड नव्हे, राबणूकच आली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते महार वतनाच्या नावाखाली चाललेल्या याच एकतर्फी सेवेविरुद्ध. जेथे एकाने नेहमी द्यायचे आणि दुसऱ्याने नेहमी घ्यायचे, तेथे शेजारधर्माचे नाव घेणे ही फसवणूक आहे. सावडीला बरोबरी लागते.

ही बरोबरी मान्य करून सावडीकडे पुन्हा वळण्याची गरज आज पूर्वीपेक्षा अधिक आहे. १९७०-७१ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टरवर आले. एवढ्याशा तुकड्यावर बैलजोडी पोसणे परवडत नाही आणि स्वतःचा ट्रॅक्टर तर त्याहून नाही. प्रत्येकाने एकेकट्याने कर्ज काढण्यापेक्षा चौघांनी मिळून अवजार घेणे आणि पाळी लावून वापरणे, यात कमीपणा कसला?

शहरातील नोकरदारांची स्थिती वरवर वेगळी, परंतु आतून तीच आहे. एकाच जिन्यावर नोकरी करणारे जोडपे राहते. शाळेतून परतलेल्या त्यांच्या मुलाकडे पाहायला कोणी नसते. समोरच्या दारामागे निवृत्त शिक्षक राहतात. त्यांना दवाखान्यात सोबत मिळत नाही आणि बँकेचे व्यवहार मोबाइलवर जमत नाहीत. दोघांच्याही अडचणीचे उत्तर समोरच्याच घरात असते. तरीही दारे बंद राहतात, कारण कोणाच्या अध्यात ना मध्यात राहणे हेच सभ्यपणाचे लक्षण ठरले आहे. मदत करायला माणसे तयार असतात. मागायला धजावत नाहीत, कारण उपकाराचे ओझे नको असते.

त्या ओझ्यावर सावडीपाशी सोपा उपाय आहे. तासभर मुलाला सांभाळणाऱ्याला आठवड्यातून एकदा दवाखान्यापर्यंत सोबत मिळाली, तर कोणीच कोणाचा मिंधा राहत नाही. हिशेब ठेवल्याने माणुसकी कमी होते, हा समज खोटा आहे. शेजाऱ्याकडे ताठ मानेने मागता येणे आणि त्याची पाळी आली की न बोलावता जाणे, एवढे साधले तरी पुष्कळ झाले.