विश्लेषण : जपानचा रेल्वे पास महागला; गावाकडे जाणाऱ्या गाड्यांचे काय?

टूर कंपनीच्या भानगडीत न पडता पाठीवर एक बॅग घ्यायची, एकच पास काढायचा आणि रेल्वेने जपान पालथा घालायचा, हा जगभरातील हौशी प्रवाशांचा अनेक वर्षांचा शिरस्ता होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये हा पास एका झटक्यात सुमारे ६९ टक्क्यांनी महागला. त्यामुळे प्रवाशांचे बजेट बदललेच, पण ते जातात कुठे हेही बदलू लागले. बुलेट ट्रेनच्या मुख्य मार्गावर प्रवाशांची रीघ आहे, तर डोंगराळ भागातील शाखामार्ग एकामागून एक बंद होत आहेत. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय?

जपान रेल पास काय आहे?

परदेशी पर्यटकांसाठी जपानच्या सरकारी रेल्वेने १९८१ मध्ये हा पास सुरू केला. ७, १४ किंवा २१ दिवस देशभरातील बहुतेक गाड्यांतून हवा तितका प्रवास, असे त्याचे स्वरूप. १ एप्रिल १९८७ रोजी कर्जात बुडालेल्या या रेल्वेचे विभाजन झाले. प्रवासी वाहतुकीसाठी प्रदेशनिहाय ६ आणि मालवाहतुकीसाठी एक, अशा ७ कंपन्या अस्तित्वात आल्या. रेल्वेचे तुकडे झाले, पण पास मात्र सामाईक राहिला. होक्काइदोच्या बर्फाळ टोकापासून क्यूशू बेटापर्यंत एकाच तिकिटावर जाता येते ते त्यामुळेच.

दर किती वाढले?

साध्या श्रेणीचा ७ दिवसांचा पास २९,६५० येनांवरून ५०,००० येनांवर गेला. म्हणजे साधारण २८ ते ३० हजार रुपये. १४ दिवसांचा पास ४७,२५० वरून ८०,०००, तर २१ दिवसांचा ६०,४५० वरून एक लाख येन झाला. पूर्वी टोकियो ते क्योटो जाऊन-येऊन बुलेट ट्रेनचा एक प्रवास केला, की ७ दिवसांच्या पासचे पैसे जवळपास वसूल होत. आता टोकियोहून हिरोशिमाला जाऊन परत आले तरी होत नाहीत.

दरवाढीसोबत काही सोयीही आल्या. नोझोमी ही वेगवान बुलेट ट्रेन पूर्वी पासधारकांना बंद होती, ती खुली झाली. मात्र त्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागतात. टोकियो ते क्योटो या एका फेरीसाठी ते ४,९६० येन आहेत. घसरलेल्या येनमुळे परदेशी पर्यटकांना जपान स्वस्त पडतो आणि त्यांची संख्याही वाढती आहे. २०२४ मध्ये ३ कोटी ६८ लाखांहून अधिक परदेशी पर्यटक तिथे गेले. त्यात सव्वादोन लाखांहून अधिक भारतीय होते. इतकी मागणी असताना पासवर मोठी सवलत देण्याची गरज कंपन्यांना उरलेली नाही.

पास महागल्याने प्रवासाची वाट कशी बदलते?

स्वस्त पासचा खरा फायदा बुलेट ट्रेनपेक्षा वाट वाकडी करण्यात होता. पास एकदा घेतला की पुढच्या प्रत्येक फेरीचा खर्च शून्य. नकाशावर एखादे अनोळखी स्थानक दिसले, की तिथे उतरायला जास्तीचे पैसे पडत नसत. आता बहुतेकांना सुटी तिकिटे काढणेच परवडते आणि तेव्हा प्रत्येक आडवळणाचे वेगळे पैसे मोजावे लागतात. मग प्रवासी टोकियो, क्योटो, ओसाका या ठरलेल्या पट्ट्यातच राहतो. एकेका कंपनीचे प्रादेशिक पास तुलनेने स्वस्त आहेत; पण ते त्या-त्या हद्दीपुरते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रमतगमत जाणाऱ्याची अडचण त्यातून सुटत नाही.

जपानी प्रवाशांनाही याचा फटका बसला आहे. फक्त साध्या, सावकाश गाड्यांसाठी असलेले ‘सेइशुन १८’ हे सुट्टीच्या हंगामातील तिकीट १९८२ पासून लोकप्रिय आहे. नावात १८ असले तरी त्याला वयाची अट नाही. पूर्वी १२,०५० येनांत हंगामातील कोणतेही ५ दिवस निवडता येत आणि एकच तिकीट मित्रांमध्ये वाटूनही वापरता येई. २०२४ च्या हिवाळ्यापासून ते एका व्यक्तीपुरते झाले आणि दिवस सलग वापरण्याची अट आली. त्यामुळे एखाद्या गावात आणखी एक दिवस थांबायचे म्हटले, तर तिकिटातला एक दिवस वाया जातो.

गावाकडचे मार्ग का बंद होत आहेत?

याचे मूळ १९८७ च्या विभाजनात आहे. टोकियो-ओसाका हा देशातील सर्वात फायदेशीर मार्ग मध्य जपानच्या कंपनीकडे गेला. विरळ वस्ती आणि प्रचंड बर्फ असलेले होक्काइदोचे जाळे वेगळ्या कंपनीकडे आले. तिचा तोटा भरून निघावा म्हणून ६८२ अब्ज येनांचा निधी दिला गेला. त्याच्या व्याजावर गाड्या चालतील, अशी कल्पना होती. पण पुढे जपानमध्ये व्याजदर शून्याजवळ आले आणि हा आधारच ढासळला. २०१६ मध्ये कंपनीने जाहीर केले, की १३ टप्प्यांतील सुमारे १,२३७ किलोमीटरचे, म्हणजे आपल्या जवळपास निम्म्या जाळ्याचे मार्ग एकट्याने चालवणे शक्य नाही. त्यानंतर युबारी शाखामार्ग (२०१९) आणि फुरानो-शिंतोकू हा टप्पा (२०२४) बंद झाला.

पश्चिम जपानच्या कंपनीने २०२२ मध्ये तोट्यातील मार्गांचे आकडे खुले केले. हिरोशिमाच्या डोंगराळ भागातील गेइबी मार्गावर तोजो ते बिंगो-ओचिआई या टप्प्यात १०० येन मिळवण्यासाठी २५ हजार येनांहून अधिक खर्च होत होता. १९८७ मध्ये तिथे दिवसाला सरासरी ४७६ प्रवासी होते. २०१९ मध्ये अवघे ११ उरले. तरुण शहरात गेले, रस्ते सुधारले, मोटारी आल्या. उरले ते मुख्यतः शाळकरी मुले आणि गाडी चालवू न शकणारे वृद्ध. अशा मार्गांचे भवितव्य कंपनी, स्थानिक प्रशासन आणि केंद्र सरकार यांनी एकत्र बसून ठरवावे, अशी तरतूद ऑक्टोबर २०२३ मध्ये लागू झाली. त्यानुसार पहिली परिषद गेइबी मार्गासाठीच नेमली गेली.

पर्यटक हे मार्ग वाचवू शकतील का?

फुकुशिमातील तादामी मार्गाचे उदाहरण इथे दिले जाते. २०११ च्या अतिवृष्टीत त्याचे पूल वाहून गेले. ११ वर्षांनी, १ ऑक्टोबर २०२२ रोजी तो पूर्ण सुरू झाला. नदीवरच्या पुलावरून जाणाऱ्या दोन डब्यांच्या गाडीचे छायाचित्र टिपण्यासाठी परदेशातूनही लोक येतात. पण मार्ग वाचला तो या छायाचित्रांमुळे नव्हे. नादुरुस्त टप्प्याचे रूळ आणि पूल फुकुशिमा प्रशासनाने आपल्या मालकीचे केले, देखभालीचा खर्च उचलला आणि कंपनीकडे फक्त गाड्या चालवण्याचे काम ठेवले.

पर्यटकांच्या गर्दीची मर्यादाही यातून दिसते. पानगळीच्या रंगांसाठी येणारी गर्दी काही आठवड्यांची असते, तर शाळेची गाडी रोज लागते. पासधारकांच्या भरवशावर कोणताही मार्ग चालणार नाही, हे खरे. पण मार्ग टिकवायचा की नाही हे ठरवताना बाहेरून किती माणसे येतात हा मुद्दा वजनदार ठरतो आणि महाग पासमुळे गावांच्या हातातील तेच वजन हलके होते. २०३० पर्यंत ६ कोटी परदेशी पर्यटक आणायचे आणि त्यांना ग्रामीण भागाकडे वळवायचे, असे जपान सरकारचे धोरण आहे. पासची नवी किंमत मात्र त्यांना मोठ्या शहरांतच थांबायला सांगते.

स्वतंत्रपणे जाणाऱ्यांनी काय पाहावे?

आधी मार्ग ठरवून सुट्या तिकिटांची बेरीज करावी, पास त्यानंतर. एकाच भागात फिरायचे असेल तर प्रादेशिक पास बहुधा स्वस्त पडतो. बुलेट ट्रेन नव्या भागात पोहोचली, की समांतर जुना मार्ग अनेकदा स्थानिक कंपनीकडे जातो आणि तिथे सहसा देशव्यापी पास चालत नाही. मार्च २०२४ मध्ये कानाझावा ते त्सुरुगा या टप्प्यात हेच झाले. गावाकडच्या अनेक स्थानकांवर शहरातील स्मार्टकार्ड चालत नाही. एकट्या चालकाच्या गाडीत चढताना क्रमांकाची चिठ्ठी घ्यायची आणि उतरताना पेटीत भाडे टाकायचे, म्हणून सुटे पैसे हवेत. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ आधी पाहावी. काही मार्गांवर दिवसातून तीनच फेऱ्या असतात.

आपल्यासाठी यात काय?

मुंबई-अहमदाबाद या ५०८ किलोमीटरच्या बुलेट ट्रेन मार्गासाठी जपानी तंत्रज्ञानाचा आधार घेतला आहे. भारतात मालवाहतुकीच्या कमाईतून प्रवासी गाड्यांचा तोटा भरून काढला जातो. तरीही विदर्भातील यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही ‘शकुंतला’ थांबलीच. वेगवान मार्गाचा नफा आडगावच्या गाडीपर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था आधीच केली नाही तर काय होते, हे होक्काइदोत दिसते. जपानकडून वेग घेताना हा धडाही घ्यायला हवा.