पंचविशीत गळणारे नाव

सज्ञान मुलाच्या रुग्णालयाच्या बिलाला आईवडील कायद्याने सहसा बांधील नसतात. हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या (१९५६) कलम २० नुसार ही जबाबदारी मूल अज्ञान असेपर्यंतची आहे. निर्वाहात औषधोपचारही येतात. अपवाद दोन. एक, स्वतःच्या कमाईवर वा मालमत्तेवर भागवू न शकणारी अविवाहित मुलगी. तिचा हा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अभिलाषा खटल्यात अधोरेखित केला. दुसरा, शारीरिक वा मानसिक व्यंगामुळे किंवा दुखापतीमुळे स्वतःचा निर्वाह करू न शकणारे मूल. त्याची तरतूद पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये होती, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे.

प्रत्यक्षात आईवडील अडकतात ते सहीने. भरतीच्या वेळी काउंटरवरून पुढे सरकवलेल्या कागदांत बिलाची पूर्ण रक्कम भरण्याची हमी असते आणि खाली ‘रुग्णाशी नाते’ हा रकाना. मुलगा स्ट्रेचरवर असताना ते बारीक अक्षर कोण वाचणार? ‘वडील’ लिहून सही झाली की देणे करारानेच अंगावर येते, मग मुलगा तिशीचा का असेना.

हे देणे पेलायला विमा असतो, आणि तो नेमका पंचविशीत हात काढून घेतो. या आठवड्यात वाचकांकडून आलेल्या पत्रांत तक्रार एकच आहे: फॅमिली फ्लोटरच्या, म्हणजे सगळ्या कुटुंबाच्या एकत्रित पॉलिसीच्या, नूतनीकरणाच्या नोटिशीत आईवडिलांची नावे आहेत, मुलाचे गळाले आहे. बहुतेक कंपन्या अवलंबित मुलाला पंचविशीपर्यंतच ठेवतात. लग्न झाले किंवा नोकरी लागली तर अनेकदा त्याआधीच काढतात.

अमेरिकेत आरोग्यखर्चाचे हाल प्रसिद्ध आहेत, पण ही एक गोष्ट त्यांनी नीट केली. २०१० च्या आरोग्यसेवा कायद्याने, आईवडिलांच्या विम्यात मुलांना सामावून घेतले जात असेल तर मूल सव्वीस वर्षांचे होईपर्यंत ते चालू ठेवणे सक्तीचे केले. त्याचे लग्न झाले आहे का, ते वेगळे राहते का, शिकते की कमावते, यातले काहीही आड येत नाही. विमा आईवडिलांचा असला तरी बिलाचे देणेही त्यांचे ठरत नाही. हमीची सही केली असेल तरच ते मागता येते. सव्विशी उलटून संरक्षण गेले की नवा विमा घ्यायला साठ दिवसांची खास मुदत मिळते. तिथे वय हा एकच निकष आहे. आपल्याकडे वय, लग्न आणि कमाई या तीन चाळण्या आहेत, आणि केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठीच्या आरोग्य योजनेत (सीजीएचएस) चौथी, लिंगाची: मुलगा पंचविशीपर्यंत, मुलगी लग्न होईपर्यंत किंवा कमावू लागेपर्यंत. बेकार मुलाचा आणि नुकत्याच लग्न झालेल्या मुलीचा आजार या चाळण्यांतून खाली पडतो. हे अन्यायाचे आहे आणि बदलायलाच हवे.

‘मुलाला नोकरीतल्या कंपनीचा विमा आहे’ या भरवशावरही राहू नये. मुलांची पहिली नोकरी फार टिकत नाही आणि राजीनाम्याबरोबर तो विमाही जातो. तो स्वतःच्या पॉलिसीच्या जोडीला असावा, तिच्या जागी नव्हे.

फ्लोटरमधून बाहेर पडणाऱ्या मुलाला त्याच कंपनीची स्वतंत्र पॉलिसी मागता येते आणि आधीच्या वर्षांचे श्रेय तिच्यात पुढे नेता येते. हे श्रेय मोलाचे आहे. पूर्वीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ विमा नियामकाने २०२४ मध्ये जास्तीत जास्त छत्तीस महिन्यांवर आणला. दम्याच्या मुलाने तो फ्लोटरमध्ये पुरा केला असेल तर पुन्हा पहिल्यापासून मोजावा लागत नाही. मात्र अर्ज नूतनीकरणाच्या तारखेआधी हवा. खंड पडू दिला की नव्या पॉलिसीत तो काळ नव्याने सुरू होतो. शहाणपणाचे म्हणजे पंचविशीची वाट न पाहता अठराव्या वर्षीच मुलाच्या नावाने छोटी पॉलिसी घ्यावी. त्या वयात हप्ता कमी असतो. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही नाही.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलांसाठी राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ योजना आहे आणि तिला वयाची अट नाही. पण तिची मर्यादा वर्षाला एक लाख रुपये आहे. ज्या मुलांबाबत आईवडिलांची कायदेशीर जबाबदारी अठराव्या वर्षी संपत नाही, त्यांच्यासाठीच ही रक्कम सर्वांत तोकडी आहे; एखाद्या मोठ्या शस्त्रक्रियेलाही ती पुरत नाही.