गच्चीवरची काठी आणि खालचे आपण

आपल्या वसतिगृहाच्या गच्चीवर आता म्हणे आणखी मोठा अँटेना बसणार! सध्याचा 8 डीबीआयचा आहे, नवा 12 चा. खोलीत वायफाय येत नाही, मग आणा मोठी काठी. माझा या खरेदीला साफ विरोध आहे.

डीबीआय म्हणजे ताकद, असा समज आपल्याकडे (टेलिकॉमवाल्यांतसुद्धा!) पक्का बसलाय. अँटेना ताकद तयार करत नाही, मिळालेली फक्त वाटतो. उभ्या काठीचं वाटप मेदूवड्यासारखं असतं. काठी भोकातून गेलेली आणि सिग्नल चारी बाजूंना. गेन वाढवायचा म्हणजे तोच वडा दाबून थालीपीठ करायचं. पीठ तेवढंच, पसारा मोठा, जाडी कमी. 8 डीबीआयला उभा कोन साधारण 15 अंशांचा असतो, 12 ला त्याच्याही निम्मा. हे थालीपीठ चौथ्या मजल्याच्या वर तरंगणार. हिंजवडीतल्या काचेच्या इमारतींना ते मिळेल, भोकाखाली झोपणाऱ्या आपल्याला नाही. मधे काँक्रीटचे स्लॅब आहेतच.

खरी गोची अशी, की एकच काठी दोन कामं करतेय. अर्धा किलोमीटरवरच्या कॉलेजकडून नेट घेते आणि तीच आपल्याला वाटते. ही कामं वेगळी करा. कॉलेजकडे तोंड करून एक पॅनेल लावा आणि प्रत्येक मजल्याच्या कॉरिडॉरमधे साधे, कमी गेनचे अँटेना.

पॅनेल लावताना दोन्ही टोकांचं पोलरायझेशन एकच हवं. (त्याला मराठीत ध्रुवण म्हणतात, हे आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना हा लेख लिहिताना कळलं.) एक उभं, एक आडवं झालं तर सिग्नल 20 डीबीने, म्हणजे शंभरावा हिस्सा होईपर्यंत पडू शकतो. आणि समोरची इमारत नुसती दिसून भागत नाही. 5.8 गिगाहर्ट्झला अर्ध्या किलोमीटरच्या मध्यावर सरळ रेषेभोवती निदान दीड मीटर जागा मोकळी हवी. मे महिन्यात झकास चालणारी लिंक जुलैत का रडते? वाटेतल्या झाडाला पालवी फुटते आणि ओली पानं सिग्नल खातात!

आयआयटी मुंबईच्या मंडळींनी पालघरच्या खेड्यांत इंटरनेट नेताना टीव्हीच्या पट्ट्यातल्या रिकाम्या यूएचएफ लहरी वापरून पाहिल्या, कारण त्या झाडीतून जास्त चांगल्या जातात. तिथे जागा बघून सामान ठरलं. आपल्याकडे आधी कोटेशन येतं.

एक रविवार, एक लॅपटॉप आणि मजल्यांचे नकाशे एवढ्यावर सर्व्हे होईल. आम्ही चौघे तयार आहोत. गच्चीची किल्ली तेवढी रेक्टर सरांकडे आहे.