दारू सोडली, पण पुढं सोबत कोणाची?

सेनगाव : सोयाबीन विकून पैसा हातात आला की उधारी फिटते, आणि बऱ्याच घरांत त्याच पैशातून बाटलीही येते. मग भांडण होतं, लेकराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ होते, 'उद्यापासून बंद' ठरतं. शपथ खोटी नसते. त्या दिवशी तो माणूस मनापासून ठरवतो. आठ-पंधरा दिवस निघतातही. मग एखादं लग्न येतं, नाहीतर पोळा येतो, आणि परत पहिले पाढे. गाव म्हणतं, 'ह्याच्यात दमच नाही.'

गावाचा हा निकाल चुकीचा आहे. दारूचं व्यसन हा आजार आहे, आणि 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यातही तो उपचाराचा विषय धरला आहे. पण उपचारापर्यंत पोचतं कोण? एम्सनं केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि 2019 मध्ये जाहीर झालेल्या पाहणीत असं दिसलं, की देशात दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या 38 जणांपैकी एकालाच कसलीतरी मदत मिळते. बाकीचे 37 शपथेवरच चालतात.

जे केंद्रात जाऊन येतात त्यांची अडचण वेगळी. महिनाभर केंद्रात दारू नाही, दोस्त नाहीत, पारावरची बैठक नाही. घरी आलं की सगळं जिथल्या तिथं. दारू शरीरातून निघाली, पण संध्याकाळी सात वाजता करायचं काय, हे कुणी सांगत नाही. ही मोकळी संध्याकाळच परत ओढून नेते. आधारगट लागतो तो इथं.

असा एक जुना गट म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, लोक त्याला 'एए' म्हणतात. 1935 साली अमेरिकेत एक शेअर दलाल आणि एक डॉक्टर, दोघंही पिणारे, एकमेकांशी बोलत बोलत सावरले, तिथून ही चळवळ सुरू झाली. भारतात ती 1957 पासून आहे. सभा साधी असते. दहा-पंधरा जण बसतात, एकेक जण स्वतःचं सांगतो, मध्ये कुणी बोलत नाही, कुणी उपदेश करत नाही. फी नाही. आडनाव, गाव, जात कुणी विचारत नाही. पहिल्या दिवशी नुसतं ऐकून उठलं तरी चालतं. अट एकच, दारू सोडायची इच्छा पाहिजे. आणि जन्मभराची शपथ कुणी मागत नाही. फक्त आजचा दिवस प्यायचं नाही, एवढंच.

आपल्याकडं हे अगदीच नवीन नाही. माळ घालून दारू सोडलेली माणसं गावोगाव आहेत. ती माळेच्या धाकानं सुटली असं आपण म्हणतो, पण रोजचा हरिपाठ, एकादशी, भजनाची मंडळी, ही सोबतही त्यात असते. फरक एवढाच, की माळकरी घसरला तर लाजेनं मंडळीत परत येत नाही. एएच्या सभेत घसरलेला दुसऱ्या दिवशी आला तरी त्याला खुर्ची मिळते.

पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचा अनुभवही हेच सांगतो. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये ते सुरू केलं. तिथं उपचारानंतरचा पाठपुरावा महत्त्वाचा मानतात, आणि पिणाऱ्यांच्या बायकांसाठी 'सहचरी' हा वेगळा गट आहे. घरच्यांसाठी 'अल-अॅनॉन'च्या सभाही असतात. नवरा यायला तयार नसला तरी बायको तिथं एकटी जाऊ शकते.

मग सेनगावच्या माणसानं सुरुवात कुठून करायची? केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीसाठीचा नंबर 14446 आणि मानसिक आरोग्यासाठी 'टेलिमानस' 14416, दोन्ही फुकट आहेत. जवळचं केंद्र कुठं, हे तिथं विचारता येतं. एएच्या सभा मोबाईलवरही भरतात. गावात ओळखतील अशी भीती असणाऱ्याला ते सोयीचं. नेट मात्र बरं पाहिजे.

दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर हात थरथरणं, भास होणं, झटके येणं असं होऊ शकतं आणि ते जिवावर बेतू शकतं. म्हणून आधी ग्रामीण रुग्णालयात किंवा हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयात दाखवावं. दुसरं, 'न सांगता जेवणात मिसळा' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांच्या नादी लागू नये. खाजगी केंद्रात टाकण्याआधी त्याची सरकारी नोंदणी बघावी.

गावात दारूचं दुकान असेल तर महिलांच्या मतदानानं बाटली आडवी करता येते, ते झालंच पाहिजे. पण दुकान बंद झालं म्हणून पिणाऱ्याची तलफ बंद होत नाही. तो शेजारच्या गावाला जातो. दुकान बंद करायला निम्म्याहून जास्त बायांची मतं लागतात. एएचा गट सुरू करायला मात्र सोडू इच्छिणारे दोन-तीन जण पुरतात. शाळेची एक खोली, समाजमंदिर, आठवड्यातली एक संध्याकाळ, एवढंच लागतं. ग्रामपंचायतीला ह्यात फार खर्च नाही. खोलीची किल्ली द्यायची, आणि आत कोण गेलं हे बाहेर बोलायचं नाही. गावाला दुसरी गोष्टच जास्त जड जाईल.