दुसऱ्या बॉम्बचा जाब
हिरोशिमावर ६ ऑगस्ट १९४५ रोजी पडलेल्या अणुबॉम्बचे समर्थक आजही आहेत. जपानवर स्वारी करावी लागली असती तर याहून अधिक माणसे मेली असती, हा त्यांचा युक्तिवाद आम्हांस पटत नाही. तरी तो युक्तिवाद आहे. परंतु तीनच दिवसांनी नागासाकीत जे केले गेले त्याचे काय?

पहिल्यानंतरचे बॉम्ब तयार होतील तसतसे टाकावेत, असे २५ जुलैच्या लेखी हुकुमातच होते. म्हणजे दुसऱ्या संहारासाठी निराळा निर्णय कोणी घेतलाच नाही! ११ ऑगस्टचा बेत हवामान बिघडेल म्हणून ९ तारखेवर आला. विमान निघाले होते कोकुराकडे. तेथे लक्ष्य दिसेना, तेव्हा ते नागासाकीकडे वळले. जपानचे युद्धमंडळ शरणागतीचा खल करीत असतानाच ती वार्ता येऊन थडकली. आपल्या स्पष्ट आज्ञेवाचून पुढील बॉम्ब टाकू नये, असे अध्यक्ष ट्रुमन यांनी फर्मावले ते १० ऑगस्टला. हीच आज्ञा दोन दिवस आधी निघाली असती तर?

अण्वस्त्राचा प्रथम वापर करावयाचा नाही, ही भारताची २००३ साली जाहीर झालेली नीती आम्हांस भूषणावह वाटते. प्रत्याघाताची आज्ञा मुलकी नेतृत्वानेच द्यावी, हे बंधनही योग्यच. मात्र तो प्रत्याघात प्रचंड असेल, हेही तिच्यात लिहून ठेवले आहे. त्या दिवशी ज्याचा विचार करावयाचा, ते आजच ठरवून ठेवण्याची एवढी घाई कशासाठी?